हाँगकाँगला डिमसम खायला जाताय? आधी खुर्ची पकडा

डिमसम म्हणजे चहाबरोबर खायचे छोटे छोटे चिनी पदार्थ, बहुतेक वाफेच्या टोपल्यांतून येणारे. पहिलं म्हणजे दारात उभं राहून कोणीतरी येऊन "किती जण?" विचारेल याची वाट बघू नका. हाँगकाँगच्या जुन्या टाइपच्या टीहाउसमध्ये, म्हणजे सेंट्रल भागात वेलिंग्टन स्ट्रीटवर लिन हेउंग आहे तसल्या जागी, सकाळी नऊ-दहाला आत शिरलात तर नुसता कल्ला असतो, कपबश्यांचा आवाज, ट्रॉल्या, म्हातारे काका पेपर पसरून बसलेत, एकेका गोल टेबलावर तीन-तीन वेगळे ग्रुप, आणि तुमच्याकडे बघायला कोणालाच वेळ नाही. ते काही उद्धट नसतात, तिथली पद्धतच अशी आहे की जागा आपली आपण शोधायची.

शोधायची कशी, तर हॉलमधून एक चक्कर मारा आणि टेबलांवर नजर टाका. ज्यांच्यासमोर रिकाम्या टोपल्यांचा ढीग लागलाय, टूथपिक चालू आहे, कोणीतरी हात वर करून बिल मागतंय, त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभं राहायचं. हो, खरंच मागे जाऊन उभं राहायचं. आपल्याला ते जाम ऑकवर्ड वाटतं पण तिकडे कोणालाच वाटत नाही, उलट लांब उभे राहिलात तर दुसरा कोणीतरी येऊन बसतो आणि तुम्ही बघत राहता. चौघं असाल तर चार खुर्च्या एकत्र मिळायची वाट बघू नका, दोन-दोन करून बसा, शेजारचे उठले की सरकता येतं. अनोळखी लोकांबरोबर एक टेबल शेअर करायला तिकडे दाप तोइ म्हणतात आणि ते एकदम नॉर्मल आहे, बसताना मान हलवायची, हसायचं, बस. गप्पा मारायला जाऊ नका आणि त्यांची किटली चुकूनही उचलू नका, टेबल एक असलं तरी प्रत्येक ग्रुपचा चहा, टोपल्या आणि बिल वेगळं असतं.

मोठ्या हॉटेलांत आणि मॉलमधल्या रेस्टॉरंटांत मात्र नंबरचं तिकीट मिळतं, तिथे हे उभं राहणं वगैरे करू नका. तिथे दारातल्या बाईला बोटं दाखवून किती जण ते सांगायचं, किंवा दोघांसाठी "ल्योंग वाइ", चौघांसाठी "सेइ वाइ" म्हटलंत तर ती खूश होते. आणि "म् गोइ" हा एक शब्द पाठच करून जा. प्लीज, थँक्यू, एक्सक्यूज मी, अहो इकडे लक्ष द्या, सगळ्याला तोच चालतो.

कधी जायचं हा प्रश्न सगळेच विचारतात. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी लवकर गेलात तर रिटायर्ड मंडळी असतात, तासन् तास एका चहावर बसलेली, गर्दी असते पण घाई नसते. रविवारी अख्खी खानदानं येतात, आजी-आजोबांपासून तान्ह्या बाळापर्यंत, अकरा ते एक या वेळात पाय ठेवायला जागा नसते. दुपारी दोननंतर बऱ्याच ठिकाणी रेट कमी होतात पण माल पण कमी झालेला असतो. माझं मत विचाराल तर ट्रॉलीच्या जागी उशिरा जाण्यात अर्थच नाही, चांगल्या टोपल्या आधीच उडालेल्या असतात. आणि झोप उडाली असेल, जेट लॅग असेल तर केनेडी टाउनमधलं सन हिंग बघा, ते पहाटे तीनला उघडतं म्हणून फेमस आहे, कॉलेजची पोरं रात्र जागून तिथे येतात आणि म्हातारे उठून येतात, दोघं एकाच वेळी.

आता चहा. इथे आपले लोक चुकतात, चहा बाजूला ठेवून खाण्यावर तुटून पडतात. तिकडची मंडळी या सगळ्या प्रकाराला याम चा म्हणतात म्हणजे चहा प्यायला जाणं, आणि खरंच चहा मेन आहे, टोपल्या त्याच्या सोबतीला. बसलात की वेटर पहिलं विचारतो ते चहा कोणता. गप्प राहिलात आणि टुरिस्ट दिसलात तर बरेचदा जॅस्मिन आणून ठेवतो, त्याला ते हेउंग पिन म्हणतात, वाईट नसतो, पण तुपकट-तेलकट खाण्याबरोबर बो लेइ घ्या, म्हणजे पु-एर. काळाकुट्ट, मातीसारखा वास, पहिल्या घोटाला नको वाटेल पण तिसऱ्या टोपलीनंतर तोंड साफ करायला त्याच्यासारखं काही नाही. फारच कडक वाटला तर गुक बो मागा, त्यात पु-एरबरोबर वाळवलेली शेवंतीची फुलं असतात, त्याने तो मऊ होतो. हलका हवा असेल तर सौ मेइ, आणि ऊलाँग आवडत असेल तर तिट गुन याम. दूध साखर मागू नका, नसते. चहाचे पैसे माणशी लागतात, तुम्ही प्यालात किंवा नाही, त्यामुळे "मी चहा पीत नाही" असं म्हणून काही वाचत नाही.

चहा आला की लगेच प्यायचा नाही. आधी भांडी धुवायची. टेबलावर एक मोठा वाडगा ठेवलेला असतो किंवा मागितला की मिळतो, पहिल्या पाण्याचा गरम चहा कपात ओतायचा, त्यात चमचा आणि चॉपस्टिकची टोकं बुडवून फिरवायची, मग तेच पाणी वाटीत, वाटी फिरवून वाडग्यात ओतून द्यायचं. नवख्या माणसाला वाटतं की हे सूप आहे आणि तो वाडग्यातलं पिऊ बघतो, तसं करू नका प्लीज! भांडी आधीच धुतलेली असतात, तरी लोक करतातच, सवय आहे, आणि पहिल्या पाण्याने चहाची पत्ती पण खुलते. भारी हॉटेलात हे केलं नाही तरी चालतं, जुन्या जागी केलंत तर शेजारचे काका कौतुकाने बघतात.

जुन्या ठिकाणी किटलीऐवजी झाकणाचा मोठा कप येतो, पत्ती त्यातच. त्यातून आपल्या छोट्या कपात ओतायचं असतं आणि इथे बोटं भाजतात हे आधीच सांगते. कपाची कड अंगठा आणि मधल्या बोटाने धरायची, पहिलं बोट झाकणावर, झाकण जरासं तिरकं करून फट ठेवायची आणि पटकन ओतायचं, हळूहळू ओतत बसलात तर वाफ बोटावर. काठोकाठ भरलेला असेल तर आधी थोडा थांबा. गरम पाणी संपलं की वेटरला हाका मारायची गरज नाही, किटलीचं झाकण उघडून अर्धवट बाजूला ठेवायचं, पाण्याची मोठी केटली घेऊन फिरणारा माणूस येतो आणि भरून जातो. पाणी कितीही वेळा घ्या.

चहा ओतायचा तो आधी दुसऱ्यांना, त्यातही वयाने मोठे असतील त्यांना पहिला, स्वतःला शेवटी. आणि कोणी तुम्हाला ओतला की पहिली दोन बोटं जराशी वाकवून टेबलावर दोनदा-तीनदा टकटक करायची, तो थँक्यू. तोंडात घास असताना, बोलणं चालू असताना मधेच थांबायला लागत नाही म्हणून हे फार सोयीचं आहे. याची एक गोष्ट सांगतात की चीनचा चिएनलुंग बादशहा वेश बदलून फिरत होता आणि टीहाउसमध्ये त्याने आपल्याच नोकरांना चहा ओतला, आता बादशहाने ओतलाय म्हणजे लोटांगण घालायला हवं पण घातलं तर बिंग फुटणार, मग त्यांनी बोटं वाकवून टेबलावरच नमस्कार केला. खरं किती देव जाणे, गोष्ट मस्त आहे. तुम्हाला एक टकटक जमली की पुढे आपोआप होते, मग घरी परत आल्यावरही हात चालू राहतो :)

चहाबरोबर टेबलावर एक छापील कार्ड येतं. ट्रॉलीवाल्या जागी हे कार्ड जिवापाड सांभाळा. त्यावर रकाने असतात, छोटी, मध्यम, मोठी, स्पेशल अशा प्रकारच्या टोपल्यांचे, प्रत्येक रकान्याचा रेट वेगळा, आणि टोपली घेतली की ट्रॉलीवाली आंटी त्या रकान्यात शिक्का मारते. शेवटी शिक्के मोजून बिल. म्हणून घेण्याआधी ती कुठल्या रकान्यात मारतेय ते बघा, दिसायला एवढीशी टोपली कधी कधी सगळ्यात महागाच्या रकान्यात असते. साधारण ठिकाणी एका टोपलीला 30 ते 50 हाँगकाँग डॉलर धरून चला, भारी ठिकाणी अर्थातच जास्त.

ट्रॉली तुमच्या टेबलापर्यंत येईल असं समजून बसलात तर उपाशी राहाल. कार्ड हातात घ्या, उठा आणि किचनच्या दाराकडे चला, नवीन ट्रॉली बाहेर आली की लोक तिला घेरतात आणि कोळंबीची हार गाउ, डुकराच्या मांसाची सिउ माइ अर्ध्या वाटेतच संपतात, लांबच्या टेबलांपर्यंत पोचतात ते कोंबडीचे पाय आणि उकडलेली भाजी. ग्रुपमधला एक माणूस या कामाला लावून द्या, लांब हाताचा. आंटी ओरडून नावं सांगत असते, कळलं नाही तर बोट दाखवा, ती झाकण उघडून दाखवते. नको असेल तर हात हलवा, तिला राग येत नाही. वाफेची ट्रॉली वेगळी, तळलेल्याची वेगळी, गोडाची वेगळी, म्हणून पहिल्याच ट्रॉलीवरून आठ टोपल्या उचलू नका. सगळं एकदम घेतलं की शेवटची टोपली गार होते आणि गार डिमसम म्हणजे पैसे पाण्यात.

तसं आता ट्रॉल्या कमीच उरल्यात. सेंट्रलच्या सिटी हॉलमधल्या मॅक्सिम्स पॅलेसमध्ये अजून फिरतात, मोठ्ठा झुंबरवाला हॉल आणि खिडकीतून हार्बर, आई-बाबांना घेऊन जायला ती जागा बेस्ट. बाकी बहुतेक ठिकाणी कागदाचा फॉर्म असतो, पेन्सिलने खूण करून द्यायचा, ते ऑर्डर आल्यावर वाफवतात म्हणून गरम येतं. टिम हो वान, ज्याला 2009 मध्ये सुरू होऊन लगेच मिशलिनचा स्टार (रेस्टॉरंटांना मिळणारा मानाचा दर्जा) मिळाला होता, ते याच टाइपचं. स्टॅनली स्ट्रीटवरचं लुक यू 1933 पासूनचं, लाकडी बूथ, पांढऱ्या कोटातले वेटर, पण महाग आहे आणि सकाळी चांगल्या जागा नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या ठरलेल्या असतात. लिन हेउंग 2022 मध्ये बंद पडलं होतं, नंतर परत चालू झालं, त्यामुळे कुठल्याही जुन्या जागी जाण्याआधी ती चालू आहे का ते मॅपवर बघून निघा.

घ्यायचं काय? पहिली टोपली हार गाउ. कोळंबी भरलेली, पारदर्शक. तिचं वरचं पातळ आवरण म्हणजे गव्हाच्या स्टार्चची उकड, उकळतं पाणी घालून मळलेली, आपण मोदकाला तांदळाच्या पिठाची काढतो तशीच, आणि कळ्यांचं कौतुकही तेवढंच, सात तरी पडल्याच पाहिजेत, मुरलेला शेफ दहाच्या वर पाडतो. चॉपस्टिकने उचलताना फाटली किंवा टोपलीच्या कागदाला चिकटून राहिली की समजा किचन यथातथा आहे. आतली कोळंबी कुरकुरीत लागली पाहिजे, पिठूळ नाही. जाणकार लोक नवीन जागेची परीक्षा हिच्यावरूनच करतात, मीही तेच करते, हार गाउ बरी नसेल तर दोन टोपल्यांवर उठायचं.

सिउ माइ म्हणजे वरून उघडी, पिवळं आवरण, आत डुकराचं मांस आणि कोळंबी, डोक्यावर केशरी ठिपका. चार सिउ बाव हा पांढरा पाव वरून फुलासारखा फुटलेला असतो, आत गोडसर डुकराचं मांस, तो फुटलेला असणं हीच त्याची खूण आहे. खालचा कागद काढून खा. चेउंग फन हा तांदळाच्या पातळ, लुसलुशीत शीटचा रोल, त्यावर गोडसर सोया सॉस समोर ओततात, चॉपस्टिकमधून घसरतो, लाज न बाळगता चमचा खाली धरा. लो माइ गाइ म्हणजे कमळाच्या पानात बांधलेला चिकट भात, कोंबडी आणि मश्रूम घातलेला, वासानेच खलास व्हाल, पण तो सुरुवातीला घेऊ नका, एकातच पोट भरतं आणि पुढचं सगळं हुकतं. पान खायचं नसतं, सोडून बाजूला ठेवायचं.

कोंबडीचे पाय, फुंग झाउ. नाक मुरडण्याआधी ऐका, हे पाय आधी तळतात, मग पाण्यात टाकतात म्हणजे कातडी फुगते, मग मसाल्यात शिजवून काळ्या बीन्सबरोबर वाफवतात, एवढे सोपस्कार होतात तेव्हा ती लाल सुरकुतलेली, तोंडात विरघळणारी कातडी तयार होते. मांस शोधत बसू नका, नसतंच. एक बोट तोंडात घ्यायचं, कातडी आणि कुर्चा चोखून घ्यायची, बारीक हाडं हळूच ताटलीत काढायची. हाताने खात नाहीत. ज्यांना पाया, खूर वगैरे आवडतं त्यांना हे नक्की आवडणार, ज्यांना चिकनचा फक्त ब्रेस्ट पीस लागतो त्यांनी पैसे वाया घालवू नयेत.

तळलेल्यात वू गोक घ्या, अळकुडीसारख्या कंदाच्या लगद्याची वडी, वरून जाळीदार कुरकुरीत. लो बाक गो हा मुळा आणि तांदळाच्या पिठाचा केक, तव्यावर खरपूस भाजलेला. गोडात दान ताट हा अंड्याच्या कस्टर्डचा टार्ट गरम असतानाच खा, आणि मा लाइ गो हा वाफवलेला तपकिरी स्पंज चहाबरोबर झकास. लाउ सा बाव मात्र सांभाळून, आत खारवलेल्या अंड्याचं उकळतं पिवळं सारण असतं, अख्खा चावलात तर टाळू भाजणार, आधी फोडा, फुंकर मारा, मग खा.

व्हेज मंडळींना खरं सांगायचं तर पारंपरिक टीहाउस अवघड आहे. तो मुळ्याचा केक दिसायला निरागस, आत सॉसेज आणि सुकी कोळंबी. वू गोकमध्ये मांस. टोफूच्या सालीचा रोल, बहुतेक वेळा आत मांस. गोड पेस्ट्रीलासुद्धा बऱ्याच ठिकाणी डुकराची चरबी लागते. पालेभाजी मागितली तर वरून ऑयस्टर सॉस. "नो मीट" म्हटलं तर काही वेटरांच्या मते कोळंबी चालते! म्हणून "न्गो सिक जाइ" म्हणा, मी बौद्ध पद्धतीचं शाकाहारी खातो असा त्याचा अर्थ, हे बरोबर पोचतं आणि त्यात कांदा-लसूणही येत नाही, जैन मित्रांना हे सांगून ठेवा, अर्थात कंदमुळं असतात ते वेगळं बघावं लागेल. पण खरं तर अशा वेळी जागाच बदलावी. डायमंड हिलला ची लिन ननरीच्या (बौद्ध जोगिणींच्या मठाच्या) शेजारी नान लिआन गार्डन आहे, तिथे बागेतच व्हेज रेस्टॉरंट आहे, आणि हाँगकाँग पार्कमधल्या लॉक चा टीहाउसमध्ये व्हेज डिमसम आणि चहा दोन्ही चांगले. गोंगाट नाही, धक्काबुक्की नाही, म्हणजे ती मजा नाही, पण निर्धास्त खाता येतं.

नॉनव्हेज खाणाऱ्यांपैकी बीफ किंवा पोर्क न खाणाऱ्यांनी एवढे शब्द लक्षात ठेवा: न्गाउ बीफ, जू डुक्कर, गाइ कोंबडी, हा कोळंबी. आणि नुसतं युक म्हणजे मांस असं ऐकलंत तर ते डुक्कर धरा, तिकडे तोच डिफॉल्ट आहे. वाफवलेले मोठे गोळे दिसले तर ते बहुधा बीफचे.

सॉसचं एक. आपल्याला लाल चटणीत डिमसम बुचकळून खायची सवय लागलेली असते, तिकडे चिली सॉस आणि मोहरीचा सॉस मागितला की मिळतो, पण पहिला तुकडा तसाच खाऊन बघा, हार गाउला तर काहीच लावू नये असं मला वाटतं. चॉपस्टिक भातात उभ्या खोचून ठेवू नका, मेलेल्यांच्या उदबत्तीची आठवण होते म्हणून ते अशुभ मानतात. टोपलीत साधारण तीन-चारच तुकडे असतात, म्हणून चार ते सहा जणांनी जाणं बेस्ट, दोघंच असाल तर पाच-सहा टोपल्यांत गार पडाल. शेवटचा तुकडा सरळ उचलू नका, आधी दुसऱ्याला विचारा, ते नको म्हणणार, परत विचारा, मग घ्या.

बिलासाठी "माइ दान" म्हणा किंवा हवेत लिहिल्याची अ‍ॅक्शन करा. माणशी चहा, टेबलावर न मागता आलेले शेंगदाणे, आणि बहुतेक ठिकाणी दहा टक्के सर्व्हिस चार्ज धरून आकडा येतो, शेंगदाणे नको असतील तर आल्या आल्याच परत पाठवा. जुन्या जागी क्रेडिट कार्ड चालेलच असं नाही, रोख जवळ ठेवा. लोकल ओळखीचे कोणी बरोबर असतील तर बिलासाठी झटापट होणार हे नक्की, आमंत्रण त्यांचं असेल तर एक-दोनदा हात पुढे करा आणि मग सोडून द्या, पुढच्या वेळी तुम्ही भरा.

उरलं तर "दा बाउ" म्हटलं की डबा मिळतो, लाजायचं कारण नाही, सगळेच नेतात. चार सिउ बाव, लो माइ गाइ, मुळ्याचा केक हे न्यायला चांगले, दुसऱ्या दिवशी वाफेवर गरम करा, मायक्रोवेव्हमध्ये पाव चामड्यासारखा होतो. केक तव्यावर परता. हार गाउ आणि चेउंग फन डब्यात नेऊ नका, ते तिथेच संपवा.